लेकरांच्या हातातला फोन आणि आपण



या अंकासाठी मी शिवणवर्गाचा आणि परसबागांचा वृत्तांत लिहिणार होते. तो पुढच्या अंकात देईन. संपादकांना विचारून या वेळी वेगळा विषय घेतला आहे, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीवर जो प्रसंग आला त्यात थोडा दोष आमचाही होता. तो आधी तुमच्यापुढे कबूल करावा आणि मग आईवडिलांना काय करता येईल ते सांगावे असे मनात आहे. मुलीचे नाव, पाडा, शाळा यांतले काहीच लिहिणार नाही. का नाही, ते पुढे येईलच. तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आपले काम सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वरच्या पाड्यांवर चालते हे तुम्हाला ठाऊक आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या या भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. अगदी लहान लेकरे आईबरोबर जातात, शाळेत जाणारी आजीजवळ मागे राहतात. अशा घरात एक फोन मागे ठेवलेला असतो. त्या फोनवरच आईचा आवाज येतो. पाड्यात रेंज मिळत नाही, ती वरच्या टेकडीवर मोहाच्या झाडाजवळ मिळते. त्यामुळे संध्याकाळी पाड्यावरची सगळी मुले फोन घेऊन टेकडीवर बसलेली दिसतात. मोठे माणूस तिथे कोणी नसते. आजीला टेकडी चढवत नाही.

ही मुलगी 14 वर्षांची, नववीत शिकणारी. अभ्यासात बरी, गाणी म्हणण्यात सर्वांत पुढे. जानेवारीत आमच्या अभ्यासिकेच्या ताईंच्या लक्षात आले की ती गात नाही, डबा उघडत नाही, आणि फोन वाजला की दचकते. ताईंनी दोन दिवस काहीच विचारले नाही, फक्त तिच्याजवळ बसून भाजी निवडायला लागल्या. तिसऱ्या दिवशी तिने सांगितले.

इन्स्टाग्रामवर एका ‘दीदी’ने तिच्याशी ओळख केली होती. आपण नाशिकला कॉलेजात आहोत, आपले आईवडीलही ऊसतोडीला जातात, असे त्या दीदीने सांगितले. महिनाभर रोज विचारपूस. जेवलीस का, आईची आठवण येते का, परीक्षेचे काय झाले. मग, हे आपल्या दोघींतच ठेव. मग, तू किती छान दिसतेस, एक फोटो पाठव. मग दुसरा फोटो, तिसरा. आणि एक दिवस तीच दीदी एकदम कठोर झाली. 5,000 रुपये पाठव, आणखी फोटो पाठव, नाहीतर हे सगळे तुझ्या बापाच्या फोनवर आणि शाळेच्या ग्रुपवर टाकते. ती दीदी बाई होती की पुरुष, नाशिकला होती की आणखी कुठे, हे आम्हाला आजही माहीत नाही.

19 दिवस त्या पोरीने कोणाला सांगितले नाही. मी तिला विचारले, “आजीला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “फोन काढून घेतला असता, ताई. मग आईशी कशी बोलले असते?”

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. तिला मारण्याची, बोलण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती फोन जाण्याची होती. आणि आम्ही मोठी माणसे फोनबद्दल मुलांना आजवर एकच गोष्ट सांगत आलो होतो, की काही वेडेवाकडे दिसले तर फोन काढून घेऊ. मी स्वतः पालकसभांत हे वाक्य कितीतरी वेळा बोलले आहे.

आता आमच्या दोषाचे सांगते. ती ‘दीदी’ तिच्यापर्यंत पोहोचली कशी? आपल्या संस्थेच्या फेसबुक पानावरून. आम्ही नाताळच्या कार्यक्रमाचे फोटो टाकले होते. त्यात या मुलीचा एकटीचा फोटो, खाली तिचे पूर्ण नाव, इयत्ता, पाड्याचे नाव, आणि कौतुकाने लिहिलेली एक ओळ, की आईवडील ऊसतोडीला गेले असतानाही ही जिद्दीने शिकते आहे. देणगीदारांना आनंद व्हावा म्हणून लिहिले होते. एखाद्या वाईट माणसाला जे जे माहीत असायला हवे ते सर्व त्या चार ओळींत होते. मूल कोण, कुठले, घरी कोण नाही, आणि कशाने हळवे होईल. ती पोस्ट मीच लिहिली होती.

पुढे काय केले ते क्रमाने सांगते, कारण उद्या कोणाच्याही घरी हे घडू शकते.

पहिली गोष्ट, पैसे पाठवले नाहीत. असे लोक पैसे मिळाल्यावर थांबत नाहीत, मूल देऊ शकते एवढे त्यांना कळते आणि मागणी वाढते. दुसरी गोष्ट, घाबरून फोनमधले काही पुसले नाही. त्या खात्याचे नाव, त्याच्या पानाचा दुवा, धमकीचे संदेश, पैसे मागण्यासाठी दिलेला यूपीआय आयडी, तारखा, हे सर्व वहीत लिहून घेतले आणि फोन तसाच जपून ठेवला. मग ते खाते ब्लॉक केले. मुलीच्या फोटोची प्रत मात्र आम्ही कोणीही घेतली नाही, कोणाला पाठवली नाही. हे नीट लक्षात ठेवा. पुरावा म्हणून किंवा ‘बघा काय झालंय’ म्हणून असा फोटो मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना पाठवणे हासुद्धा गुन्हा आहे. 18 वर्षांखालील मुलाचे असे चित्र पाठवणे आणि पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली येते, आणि ते जवळ बाळगण्याबद्दल पॉक्सो कायद्यातही शिक्षा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. पोलिसांना दाखवायचे ते मूळ फोनवरच दाखवावे.

त्याच रात्री 1098 ला फोन केला. हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतःही लावू शकते. दुसऱ्या दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली. तिथे महिला व मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे, आणि नाव न देता तक्रार करण्याचीही सोय आहे. मग पोलीस ठाण्यात गेलो. काही पालक म्हणतात, पोलिसांत गेले की पोरीची बदनामी. आम्हालाही ही धास्ती होती. पण 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलांसाठी बऱ्याच सोयी आहेत आणि त्या माहीत असल्या की धीर येतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते सांगेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातले माणूस जवळ असताना. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. त्याची ओळख वर्तमानपत्रात किंवा कुठेच उघड करायची नाही. आमच्याकडे आलेल्या अधिकारी बाई साडीत आल्या होत्या. आजीला वाटले शाळेच्या नव्या बाई आहेत, तिने त्यांना चहा दिला आणि वर शेंगा भाजून दिल्या.

आणखी एक गोष्ट मंडळीतल्या सर्वांनी जाणून घ्यावी. असा गुन्हा आपल्याला कळला आणि आपण तो पोलिसांना कळवला नाही, तर पॉक्सोच्या कलम 21 प्रमाणे तोही गुन्हा ठरतो. संस्थेचा प्रमुख असेल तर शिक्षा जास्त. वसतिगृहात, संडेस्कूलमध्ये किंवा तरुण संघात असे काही उघडकीला आले, तर ‘आपसांत मिटवू, प्रार्थनेत ठेवू’ म्हणून तिथेच थांबता येत नाही. प्रार्थना अवश्य करावी, आणि तक्रारही करावी. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत मला ग्रीक मुळाक्षरे शिकवली गेली, उपदेशाची मांडणी शिकवली गेली, पण हा कायदा कोणी शिकवला नव्हता. आता पाळकांच्या प्रशिक्षणात याचा तास असावा असे मी ज्यांना त्यांना सांगते.

फोटोंचे काय, हा आईचा पहिला प्रश्न होता. ती बातमी कळताच दोन दिवसांची मजुरी बुडवून आली होती. टेक इट डाउन नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते. 18 वर्षांच्या आतल्या वयाचा असा फोटो असेल तर तिथे नाव न सांगता नोंद करता येते. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोवरून आकड्या-अक्षरांची एक खूण तयार होते, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी, आणि फक्त ती खूण फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जाते. तोच फोटो कोणी तिथे चढवला तर तो ओळखून काढता येतो. व्हॉट्सॲपवरच्या खासगी संदेशांपर्यंत ही सोय पोहोचत नाही, हेही आईला सांगितले. खोटा दिलासा देऊन चालणार नव्हते. आजपर्यंत तो फोटो कुठे आल्याचे आमच्या कानावर नाही. तपास चालू आहे. मुलगी दहावीची तयारी करते आहे.

बाप आला तेव्हा त्याने पहिल्यांदा हात उगारला. आजी मधे उभी राहिली. ती पावरीत काय म्हणाली ते मला पुरते कळले नाही, पण त्याचा हात खाली आला आणि तो ओट्यावर बसून रडला. तो मला म्हणाला, “बाई, मला तर त्या फोनात नाव वाचता येत नाही. मी काय राखण करणार?”

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी पुढचे लिहिते आहे. तुमच्यापैकी जे वाचणारे आहेत त्यांनी आपल्या घरात उपयोग करावाच, शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोलून दाखवावे.

ज्याला फोन वाचता येत नाही त्याला माणूस वाचता येतो. शेळी आजारी आहे हे आपण तिच्या चालीवरून ओळखतो. पोर फोन पाहून एकदम गप्प होते का, आपण जवळ गेलो की पडदा बंद करते का, रात्री उठून फोन पाहते का, कोणी न दिलेले रिचार्ज किंवा नवी वस्तू तिच्याकडे आली का, नेहमीच्या मैत्रिणी तुटल्या का, हे बघायला अक्षरओळख लागत नाही. आणि एक प्रश्न रोज विचारायचा. ‘आज फोनमध्ये काय बघितलंस?’ एवढाच. चौकशीच्या आवाजात नको, ‘आज शाळेत काय खाल्लंस’ हे ज्या आवाजात विचारतो त्याच आवाजात. पहिले आठ दिवस पोरे काहीच सांगत नाहीत. मग एखादे रील दाखवतात. ते आपल्याला मूर्खपणाचे वाटले तरी बघावे.

दुसरे म्हणजे एक वचन द्यायचे, तोंडाने आणि सर्वांसमोर. ‘फोनवर कोणी त्रास दिला, तुझ्या हातून काही चुकलं, फोटो गेला, पैसे गेले, तरी मला सांग. मी मारणार नाही आणि फोन काढून घेणार नाही.’ आमच्या पालकसभेत हे वाक्य आता बापांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. काही बाप लाजतात, काही म्हणतात, मग पोरं शेफारतील. शेफारतील तर बघू. त्या 19 दिवसांपेक्षा ते बरे.

फोनची जागा ठरवावी. रात्री तो अंथरुणात जाऊ नये, चूल विझली की फोन दाराजवळच्या पिशवीत. टेकडीवर जायचे तर तीन-चार मुलांनी मिळून, आणि दोन दिवसांतून एकदा तरी पाड्यातले एक मोठे माणूस बरोबर. एका पाड्यावर आम्ही वनहक्क समितीच्या एका काकांना हे काम लावून दिले आहे. ते तिथे बसून विडी ओढतात आणि मुलांना रागे भरतात, तरी त्यांच्या असण्याने फरक पडतो.

शहरातल्या पालकांसाठी जे सल्ले दिले जातात ते बहुतेक असे मानून चालतात की मुलाचा फोन वेगळा आणि आईवडिलांचा वेगळा. तसे असेल तर गुगलचे फॅमिली लिंक हे मोफत ॲप चांगले आहे. मुलाने कोणते ॲप घ्यावे याला आईवडिलांची संमती लागते, वापराचा वेळ ठरवता येतो. पण पाड्यावर घरात एकच फोन असतो आणि मूल बापाच्याच खात्यावर फिरते. कंपनीच्या लेखी ते मूल 40 वर्षांचा पुरुष असते, आणि त्याला तसेच व्हिडिओ आणि जाहिराती दिसतात. इन्स्टाग्रामने आता 18 वर्षांखालील मुलांची खाती आपोआप खासगी केली आहेत आणि मूल ज्यांना स्वतः फॉलो करत नाही अशांचे संदेश अडवले आहेत, पण मुलाने खरी जन्मतारीख दिली असेल तरच त्याचा उपयोग. आमच्या 14 वर्षांच्या मुलीने वय 21 लिहिले होते. का, तर मैत्रिणीने तसेच लिहिले होते.

एकाच फोनवर काय करता येते? बरेच काही. प्ले स्टोअरमध्ये पालक नियंत्रणाची सोय आहे, तिला आईबापाचा वेगळा पिन ठेवून मोठ्यांसाठीची ॲप बंद करता येतात. यूट्यूबमध्ये प्रतिबंधित मोड सुरू करावा, त्याने सगळा केर निघत नाही पण बराच निघतो. अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते. अभ्यासाचे ॲप उघडून पिन केले की पिन टाकल्याशिवाय मूल त्यातून बाहेर जाऊ शकत नाही. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये प्रोफाइल फोटो आणि ग्रुपमध्ये कोण जोडू शकते या दोन्ही ठिकाणी ‘माझे संपर्क’ निवडावे, आणि अनोळखी नंबरचे कॉल शांत करण्याचे बटण चालू करावे. एवढे केले की रात्री-बेरात्री अनोळखी व्हिडिओ कॉल वाजत नाहीत. हे सगळे करायला 20 मिनिटे लागतात. मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आणि ते मला माझ्या भाचीने शिकवले.

एक गोष्ट आमच्या भागात सर्रास दिसते. फोन घेतला की दुकानदारच गुगलचे खाते काढून देतो, पासवर्ड त्याच्याजवळ राहतो, कधी तर एकाच खात्यावर चार घरांचे फोन चालतात. मग एका घरातले फोटो दुसऱ्या घरात दिसतात. दुकानदाराच्या मनात बहुधा काही नसते, त्यालाही काम उरकायचे असते. पण आपल्या घराची किल्ली आपण दुकानात ठेवतो का? ओळखीच्या शिकलेल्या मुलाला किंवा आमच्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन स्वतःच्या नंबरावर नवे खाते काढावे. तसेच मेमरी कार्डाचे. रेंज नसलेल्या पाड्यावर घाण इंटरनेटवरून येत नाही, बाजारच्या दिवशी गाणी भरून घेतलेल्या कार्डातून येते. गाण्यांबरोबर काय काय भरले आहे ते घरी मोठ्या माणसाने आधी बघावे, मग लेकरांच्या हाती द्यावे.

खेळांबद्दल थोडक्यात सांगते. मुलगे गोळीबाराचे खेळ खेळतात, त्यात हत्यारे आणि कपडे विकत घ्यायला पैसे लागतात, आणि बापाला वाचता येत नसल्याने यूपीआयचा पिन पोरालाच पाठ असतो. पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 ला फोन करावा. ऑनलाइन फसवणुकीचा हा क्रमांक आहे आणि तासाभरात कळवले तर पैसे अडवले जाण्याची आशा जास्त असते. पिन मात्र बापाचा बापाजवळच राहावा.

मुलग्यांचे आणखी एक सांगायचे राहते. ही संकटे मुलींवरच येतात असे आपण धरून चालतो, आणि मुलगे त्यामुळे आणखी एकटे पडतात. 16-17 वर्षांच्या मुलाला एखाद्या सुंदर मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते, व्हिडिओ कॉल येतो, समोरच्याचे ऐकून तो कपडे काढतो, आणि दोन मिनिटांत त्याचा व्हिडिओ त्यालाच पाठवून पैसे मागितले जातात. तो कोणाला सांगणार? बाप हसेल, मित्र हसतील. पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. आपणही करू नये. आणि ज्या मुलाने काहीच पाठवलेले नाही त्यालाही धमकी येऊ शकते, कारण आता साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून नग्न चित्र तयार करणारी साधने आली आहेत. बनावट चित्राची धमकी देणे हेही कायद्याने खऱ्या चित्राच्या धमकीसारखेच धरले आहे. म्हणून एखादे लेकरू म्हणाले, ‘हा फोटो माझा नाही’, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा.

आता तुमच्याकडे येते. मुंबईत, पुण्यात, नगरला, सोलापूरला बसून या कामासाठी प्रार्थना करणारे आणि हात सैल सोडणारे तुम्ही. तुमच्या देण्यामुळे ही अभ्यासिका चालते. म्हणून हे जरा संकोचाने लिहिते.

आम्ही फोटोंची पद्धत बदलली आहे. यापुढे या अंकात आणि फेसबुक पानावर मुलांचे फोटो पाठमोरे, दुरून किंवा हातांचे-कामाचे असतील. चेहरा दिसला तर नाव नसेल, आणि नाव-गाव कधीच एकत्र नसेल. कार्यक्रम चालू असताना फोटो टाकणार नाही. आईवडिलांची आणि मुलाची, दोघांची संमती घेऊ, आणि नको म्हटल्यास वाईट वाटून घेणार नाही. जुन्या पोस्ट आम्ही एकेक करून काढल्या. त्या करताना मला कळले की किती लेकरांचे दुःख मी त्यांच्या नावासकट जगापुढे मांडले होते. कोणाचा बाप दारू पितो, कोणाची आई वारली, हे सर्व. तुमच्या फोनमध्ये आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आमचे ते जुने फोटो असतील तर कृपा करून पुसून टाका. पुढे पाठवू नका.

काही जण ज्या मुलाचा शिक्षणखर्च उचलतात त्याचा दर महिन्याला फोटो मागतात, किंवा त्या मुलाला थेट फेसबुकवर मैत्रीची विनंती पाठवतात. हेतू प्रेमाचा असतो हे मी जाणते. पण मुलांना आम्ही शिकवतो की न भेटलेल्या मोठ्या माणसाची विनंती स्वीकारू नका, आणि त्याच आठवड्यात ‘पुण्याचे अंकल’ म्हणून विनंती येते. मग मुलाने काय शिकावे? पत्र लिहा, आमच्या पत्त्यावर पाठवा, आम्ही वाचून देऊ आणि उत्तरही लिहून घेऊ. उशीर लागेल. टपालाचा आनंद या पोरांना अजून नवा आहे.

होळीच्या आधी आपल्या भागात भोंगऱ्या भरतो आणि मग डोंगरभर होळ्या पेटतात. मुली चांदीचे दागिने घालून, मुले कमरेला घुंगरू बांधून नाचतात. अलीकडे बाहेरचे पुष्कळ लोक मोठे कॅमेरे घेऊन येतात, आपले पाहुणेही येतात. जरूर या. पण नाचणाऱ्या 12-13 वर्षांच्या मुलीचा जवळून काढलेला व्हिडिओ रील करून टाकू नका. तिला कोणी विचारलेले नसते, आणि त्याखाली लोक काय काय लिहितात ते मी इथे लिहू शकत नाही.

हाच नियम तुमच्या नाताळच्या नाटकाला आणि संडेस्कूलच्या सहलीलाही लावून बघा. शाळेच्या गणवेशावरचे चिन्ह, इमारतीचे नाव, ‘आज पप्पा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी’ अशी ओळ, वाढदिवसाची तारीख. माझ्या बहिणीच्या घरी आम्ही दोघींनी बसून तिच्या मुलाचे फेसबुकवरचे फोटो पाहिले, आणि एखाद्या परक्याला त्यातून काय काय कळेल ते कागदावर लिहिले. पान भरले. तिने त्या रात्री कितीतरी फोटो काढून टाकले, आणि मुलाला विचारले, “तुला हे आवडतात का रे?” तो म्हणाला, “आंघोळीचा तो फोटो मला कधीच आवडला नव्हता.” तो आता अकरावीत आहे.

जुने फोन पाठवणाऱ्यांसाठी एक विनंती. अभ्यासिकेत आम्हाला चांगल्या स्थितीतल्या स्मार्टफोनची गरज आहे, सहा असले तरी पुरतील. देण्यापूर्वी आधी आपले गुगल खाते त्यातून काढा, मग फोन फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. नाहीतर रीसेटनंतर तो फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो आणि आम्हाला तुम्हाला फोन लावावा लागतो. मागच्या वर्षी आलेल्या एका फोनमध्ये देणाऱ्यांच्या नातवंडांचे 300 फोटो होते. आम्ही ते न बघता पुसले.

ऊसतोडीची माणसे होळीला परत येतील. तेव्हा पाड्यापाड्यावर संध्याकाळच्या सभा ठेवल्या आहेत, आईबापांनी आपापला फोन घेऊन यायचे आणि वर सांगितलेल्या सेटिंग तिथेच करून घ्यायच्या. पहिली सभा त्या मुलीच्या पाड्यावर आहे. आजीने मला आताच बजावले आहे की चहा तिच्याकडे, आणि फोनचा पिन पोरीने तिलाही शिकवला आहे, तो ती सगळ्यांसमोर टाकून दाखवणार आहे.